रिव्ह्यूखालच्या लिंकवरून गेम घेताय? ४,५९७ रुपयांचा हिशेब आधी वाचा

गेमचा कोड, म्हणजे गेम उघडायची किल्ली, ३,१४९ रुपये. सीझन पास, म्हणजे पुढे येणारे जादा भाग, १,२९९. ‘कोड प्रोटेक्शन’ नावाची मखलाशी १४९. एकूण ४,५९७. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात तोच गेम सरळ ४,४९९ ला होता.

रिव्ह्यू करणारा ठाण्याचा. नाव लिहीत नाही, वकिलाच्या नोटिशीचा खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही. मराठीत बोलतो, घोडबंदरच्या ट्रॅफिकवर विनोद करतो, शेवटी ‘मित्रांनो, डोळे झाकून घ्या’ म्हणतो. ऐरोली-घणसोलीतल्या कितीतरी पोरांनी त्याच्या शब्दावर ग्राफिक्स कार्डं घेतली आहेत, आणि ती चांगली निघाली. म्हणजे विश्वास हवेतून आलेला नव्हता. या गेमला त्याने दहापैकी नऊ दिले: आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १०८०पी स्क्रीन, हाय सेटिंग, नव्वद एफपीएस (सेकंदाला नव्वद चित्रं), एकही क्रॅश नाही. खाली पिन केलेली लिंक आणि कूपन.

पुढचं सांगायची गरज नाही. घेणाऱ्याच्या घरी त्याच कार्डावर पस्तीस-चाळीस एफपीएस, नव्या भागात शिरलं की चित्र अडखळणार, मध्येच गेम बंद पडून डेस्कटॉप समोर. परतावा मागितला तर स्टीम म्हणतं, कोड आमच्याकडून घेतलेला नाही. विकणारी साइट म्हणते, कोड वापरला गेला, विषय संपला. ते १४९ चं प्रोटेक्शन? कोड मुळात चाललाच नाही तरच लागू.

गेमचे रिव्ह्यू विकले जातात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. इथली चलाखी वेगळी आहे आणि तीच नीट समजून घ्या. गेम भिकार निघाला तरी स्टीमवर घेतलेला असता तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून झालेलं असताना पैसे परत मिळाले असते. रिव्ह्यूने फक्त गेम विकला नाही, त्या परताव्याच्या दारातून बाहेर काढून दुसऱ्याच दुकानात नेऊन उभं केलं. नऊ गुण हे आमिष; कमिशन लिंकमध्ये.

आता तो क्षण. व्हिडिओत साधारण चौथ्या मिनिटाला सेटिंगचा मेनू दिसतो, जेमतेम दीड सेकंद. त्यात डीएलएसएस फ्रेम जनरेशन, म्हणजे मधली चित्रं कार्डानेच बनवून एफपीएस फुगवणारी सोय, ‘ऑन’ आहे. ३०६० वर ते चालूच होत नाही! डीएलएसएस हे कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचं, आणि त्यातलं फ्रेम जनरेशन ४० मालिकेच्या कार्डांपासून पुढे. ३०६० वर तो पर्याय राखाडी दिसतो, दाबता येत नाही. प्रतिस्पर्धी एएमडीच्या एफएसआर या सोयीतलं फ्रेम जनरेशन ३०६० वर चालतं, पण मेनूत नाव डीएलएसएसचं होतं. म्हणजे फुटेज वेगळ्या, महागड्या कार्डावरचं, आणि तोंडाने ३०६० चं नाव. शिवाय नव्वद एफपीएसचा दावा करणाऱ्या व्हिडिओत कोपऱ्यात एफपीएसचा आकडा कुठेच नाही. कोपऱ्यात होतं ते ‘प्री-रिलीज बिल्ड’, म्हणजे विक्रीआधीची प्रत, तेही मुंगीएवढ्या अक्षरांत. हे सगळं डोळ्यांसमोर होतं. पण दीड सेकंदाचा मेनू थांबवून कोण वाचतं? तपासायचं काम रिव्ह्यू करणाऱ्याचं, त्यासाठीच तर त्याला बघतात. गिऱ्हाइकाने पंचनामा करायचा असेल तर रिव्ह्यू कशाला हवा?

एफपीएसचा दावा ऐकलात की तीन गोष्टी बघा: कोपऱ्यात आकडा आहे का, अपस्केलिंग (लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवणं) चालू आहे का, आणि गर्दीचा किंवा मारामारीचा प्रसंग दाखवलाय का. रिकाम्या खोलीत उभं राहून सगळेच नव्वद दाखवतात.

हा खेळ जुना आहे. २००७ मध्ये ‘केन अँड लिंच’ या गेमला दहापैकी ६ गुण दिल्यानंतर समीक्षक जेफ गेर्स्टमन यांना गेमस्पॉट या रिव्ह्यूच्या साइटने काढून टाकलं, त्या वेळी साइटवर त्याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या. २०१४ च्या ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’साठी वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबरांना पैसे दिले, आणि अमेरिकेच्या एफटीसी या व्यापार आयोगाच्या म्हणण्यानुसार अट अशी की गेममधले बग दाखवायचे नाहीत. पैसे घेतल्याचा उल्लेख वर्णनात असा ठेवला की ‘शो मोअर’ दाबल्याशिवाय दिसू नये. २०१६ मध्ये एफटीसीने ते प्रकरण तडजोडीने मिटवलं. ठाण्याच्या या महाशयांची ‘प्रायोजित’ ओळही वर्णनात तळाशीच होती, हॅशटॅगांच्या गर्दीत.

पैसे न घेताही फसवता येतं. २०२० च्या डिसेंबरात ‘सायबरपंक २०७७’ आला तेव्हा रिव्ह्यूसाठी आधी फक्त पीसीची प्रत दिली होती, आणि स्वतः रेकॉर्ड केलेलं फुटेज दाखवायला बंदी होती. पीसीचे रिव्ह्यू चमकदार आले. सोनीच्या पीएस४ या गेमयंत्रावर गेमचे इतके हाल होते की आठवड्याभरात सोनीने तो दुकानातून काढून परतावे दिले. म्हणून तुमच्याकडे जे यंत्र आहे त्याच यंत्रावरचा रिव्ह्यू बघा, आणि तीन चॅनेलांवर हुबेहूब तेच दृश्य दिसलं तर ते कंपनीने वाटलेलं फुटेज आहे असं समजा. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’च्या वेळी, २०१४ मध्ये, रिव्ह्यू प्रसिद्ध करण्यावर कंपनीने घातलेली बंदी अमेरिकेत गेम विक्रीला आल्यानंतर बारा तासांनी उठली. बंदी विक्रीनंतर उठते तेव्हा प्री-ऑर्डर करूच नये, मग गेम कोणाचाही असो.

आणि चांगला रिव्ह्यूही शिळा होतो. ‘क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड’ जून २०१९ मध्ये आला, गेमच्या आत खऱ्या पैशांची खरेदी ऑगस्टमध्ये घुसवली. तोवर गुण देऊन झाले होते.

तक्रारीचं ऐका. बँक म्हणते, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकला, व्यवहार अधिकृत आहे. पोलीस ठाण्यात साहेबांनी ‘गेम? पबजी का?’ असं विचारलं आणि शेजारचे हसले. रक्कम ऐकल्यावर तर पेनही उघडलं नाही. सायबर कक्षाचं मत असं की वस्तू मिळाली म्हणजे फसवणूक नाही, ग्राहक तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइनने तक्रार विक्रेत्याकडे पाठवली, विक्रेता परदेशातला, उत्तर आलं नाही, आणि तक्रारीपुढे शेरा पडला: ‘निकाली’. कोणाच्या बाजूने निकाली, हे विचारायची सोय त्या पोर्टलवर नाही. ४,५९७ रुपये या लोकांना चिल्लर वाटतात. त्या लिंकवरून किती जणांची चिल्लर गेली, हे मोजायला एकही टेबल तयार नाही.

नियम नाहीत म्हणून हे घडतं असंही नाही. जून २०२२ पासून दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. जानेवारी २०२३ च्या सूचनांत तर स्वच्छ लिहिलंय की व्हिडिओतली जाहिरात व्हिडिओतच सांगायची, दिसेल अशी आणि ऐकू येईल अशीही. नुसती वर्णनात टाकून चालणार नाही. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानकही आहे, आयएस १९०००:२०२२. ते ऐच्छिक! म्हणजे ज्याला प्रामाणिक राहायचंय त्याने राहावं.

रिव्ह्यूवाल्याला तुम्ही पैसे दिलेले नसतात, म्हणून त्याच्याविरुद्ध प्राधिकरणाकडे आणि विक्रेत्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात, अशा दोन वेगळ्या तक्रारी करा. एकत्र केल्यात तर दोन्हीकडून टोलवतील. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे ऐरोली-घणसोलीकरांना ठाणे जिल्हा. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत २ वर्षं, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते.

स्टीमवर रिव्ह्यू वाचताना खरेदीचा प्रकार ‘स्टीम पर्चेसर्स’ (स्टीमवरच विकत घेतलेले) निवडा. ‘फुकट मिळालेला’ असा शिक्का आणि खेळलेले तास बघा. चाळीस मिनिटं खेळून लिहिलेल्या कौतुकाला किंमत नाही. परताव्याच्या दोन तासांत गेम उघडल्यावर शेडर, म्हणजे ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम, तयार होण्याचा वेळही मोजला जातो, आणि एप्रिल २०२४ पासून महागडी डीलक्स आवृत्ती घेणाऱ्यांना आधी खेळायला मिळणारे तासही. म्हणून पहिल्या तासात कथा बघत बसू नका, गर्दीची जागा गाठा आणि आकडा बघा.

आणि तक्रार करण्याआधी, कमेंटमध्ये भांडण्याआधी, व्हिडिओ, वर्णन आणि पिन केलेली लिंक यांचं तारखेसकट स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. आमच्या महाशयांच्या वर्णनात ‘प्रायोजित’ आता पहिल्याच ओळीत आहे, लिंक गायब आहे, आणि अपलोडची तारीख मात्र जुनीच दिसते.