घडीचा नांगर: खडकावर पक्का, गाळात लटका
तलावातल्या डायव्हिंगसाठी छोट्या बोटीला चार नख्यांचा ३.२ किलोचा घडीचा नांगर सुटसुटीत. खडकात तो झकास अडकतो. मऊ गाळात मात्र नुसत्या रेघा ओढत सरकतो. तिथे रुंद पात्यांचा डॅनफोर्थ नांगरच हवा. सोबत मिळणारा १० मीटर दोर म्हणजे थट्टाच! १० मीटर खोलीला किमान ५० मीटर दोर आणि नांगराजवळ २-३ मीटर साखळी लागते. नाहीतर ओढ वरच्या दिशेने बसून नांगर उपटतो. दोर नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला बांधा, मागच्या बाजूला बांधलात तर लाटेचं पाणी आत येतं. शॅकलची, म्हणजे नांगर-साखळी जोडणाऱ्या कडीची, पिन तारेने आवळा. नख्या उघड्या ठेवणारी सरकती कडी ढिली असेल तर दुकानातच परत करा. पहिल्या डायव्हरने खाली उतरताच नांगर हाताने तपासावा. बोटीवर एकजण हवाच.