सांगलीतली यंदाची नवी हॉटेलं: कुठं पोटभर जेवावं, कुठं नुसता चहा घ्यावा

बावीस वर्षं मी विश्रामबागेत मेस चालवली. वालचंद, विलिंग्डन कॉलेजची पोरं यायची, एका वेळेला चाळीस-पंचेचाळीस ताटं. गुडघे बोलायला लागले तेव्हा बंद केली. पण खोड गेली नाही. हॉटेलात गेलं की माझं लक्ष मेनूकार्डाकडं नसतंच. आत तवे किती आहेत, भांडी कोण घासतंय आणि भाकरी सांगितल्यावर पोरगं किती वेळानं बाहेर येतं, हे मी बघत बसते. आमचे हे म्हणतात, "तू जेवायला आलीयस का तपासणीला?" दोन्हीला.

यंदा दिवाळीपासून इतकी हॉटेलं निघालीत की पाट्या वाचून मान दुखते. वाडा, मळा, चूल, नाहीतर गावरान. दाराशी बैलगाडीचं चाक आणि भिंतीवर न पेटणारा कंदील टांगला की झालं गावाकडचं जेवण. चार ठिकाणी जाऊन आले. नावं लिहीत नाही. एकाचा मालक माझ्याच मेसमध्ये जेवून गेलेला निघाला, आणि एकाला तर अजून पाटीच नाही.

त्या पाटी नसलेल्याचंच आधी सांगते, कारण तुम्ही तिथं जावं म्हणूनच लिहायला बसलेय. गणपती मंदिराकडून गावभागात शिरलं की एका जुन्या घराच्या सोप्यात सहा टेबलं मांडलीत. भिंतीवर निळ्या ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत. खालची २०२१ च्या पुराची, वरची २०१९ ची. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून जाते ती रेघ. तिच्याखाली बसून मी भरलं वांगं खाल्लं.

ताट १६० रुपयांना. ज्वारीच्या दोन भाकरी, देठासकट भरलेलं काटेरी वांगं, पावट्याची आमटी, खर्डा, दही, कांदा आणि ओल्या हळदीचं लोणचं. आपलं गाव हळदीचं. मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं, सगळं खरं. पण ऐन थंडीतसुद्धा ताटात ओली हळद मला सांगलीतल्या एकाही हॉटेलानं वाढली नव्हती. जिथं जावं तिथं बरणीतलं तेच कैरीचं, तेलात बुडालेलं. इथं हळदीचे पातळ काप, आलं, हिरवी मिरची, लिंबू, मीठ, एवढंच. बोटं पिवळी झाली ती दुसऱ्या दिवशी देवपूजेपर्यंत तशीच होती.

भाकरी सांगितल्यावरच थापतात. पहिल्या दिवशी चौदा मिनिटं लागली, मी घड्याळ बघत होते. दोन तव्यांवर सहा टेबलं म्हटल्यावर एवढं लागणारच. घाईची हॉटेलं काय करतात ते मला विचारा. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असली तरी उकळतं पाणी ओतून मळतात, सकाळीच शंभर भाकरी करून कापडात गुंडाळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की गॅसवर दाखवून आणतात. तसली भाकरी मोडत नाही, वाकते. इथली मोडली की पापुद्रा सुटतो आणि आतली वाफ बोटाला चटका देते. हात धुवायला उठले तेव्हा आत डोकावले. थापणाऱ्या बाईला विचारलं, "पीठ रोज दळतेस का गं?"

"रोजचं रोज. काकू, तुम्ही मेसवाल्या न्हवं? दोनदा भाकरी उलटून बघितलीसा, तवाच वळखलं."

आता तक्रारी. पावट्याच्या आमटीत गूळ जास्त पडतो. पावटा मुळातच गोडसर, त्याला आणखी गूळ कशाला? हात धुवायची जागा मागच्या पडवीत, तिथली पायरी अंधारात दिसत नाही, वयस्कर माणसांना धरून न्या. आणि रविवारी दुपारी जाऊ नका, पाऊण तास दारात उभे राहाल.

शंभर फुटी रस्त्यावरचं दुसरं हॉटेल मोठं आहे, एसी वगैरे. मालक दोन वर्षं माझ्याकडं जेवलेला, अजून वाकून नमस्कार करतो, म्हणून खोटं चांगलं लिहिणार नाही. त्यांचा अख्खा मसूर २४० रुपयांना हंडीतून येतो, वर लोण्याचा गोळा आणि क्रीमची नक्षी. पेठ नाक्याकडं ज्या पदार्थासाठी लोक हायवेवरून गाडी वळवतात, त्याला ही झूल कशाला? मसुराला कांदा, लसूण, भाजलेलं सुकं खोबरं आणि घरची चटणी लागते. चटणी म्हणजे आपली लाल, कांदा-लसणाची, पुण्याची माणसं जिला मसाला म्हणतात ती. दाणा फुटायच्या बेतात यावा पण फुटू नये, सगळं कसब तिथंच. ते आतल्या आचाऱ्याला बरोबर साधलंय, हे कबूल. मालकाला बोलावून क्रीमचं विचारलं तर म्हणाला, "काकू, बाहेरची पाहुणेमंडळी तसाच मागतात."

"मग त्यांना दे. मला बिनक्रीमचा आण."

आणला. सुरेख होता. तेव्हा गेलात तर आधीच सांगा, लोणी नको, क्रीम नको. सोबत तंदूर रोटी घ्या. भाकरी मागवू नका, ती वर सांगितलेल्या कापडातलीच आहे.

हरिपूरच्या रस्त्याला एका मळ्यात हुरडा सुरू झालाय, माणशी ४५० रुपये. हुरडा सुरती जातीच्या ज्वारीचा, कोवळा. शेंगदाण्याची चटणी तर मी दोनदा मागून घेतली. पण हुरडा कुठंतरी मागं भाजून टोपलीतून आणतात, पानात पडेपर्यंत निवतो. अरे, आगटी पेटवा, माणसं भोवती बसवा, हातावर चोळून गरम गरम द्या! त्याऐवजी झाडाला स्पीकर बांधलाय, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हरिपूर पूर्वी हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद साठवायचे, २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. तिथल्या एका पोराला मी सहज विचारलं, "इथं पेव कुठं होतं रे?" त्यानं मला पार्किंग दाखवलं. नातवंडं असतील तर जा, बैलगाडीत बसून खूश होतात. आम्हा दोघांना पुरे झालं.

कॉलेज कॉर्नरजवळचं कॅफे सूनबाईच्या हट्टानं बघितलं. भडंगावर चीज घालतात, १४० रुपये. भडंग जिभेवर कुरकुरायच्या आत मऊ पडलेलं. सूनबाईनं फोटो काढला आणि वाटी माझ्याकडं सरकवली. चहा मात्र आलं ठेचून घातलेला, कडक आणि कपभर. तेवढा घ्या आणि उठा.

परवा पुन्हा गावभागात गेलो, ह्यांना बरणीभर लोणचं घरी न्यायचं होतं. ती बाई काही देईना. "इकत न्हाई देत काकू. एकदा हळद शिजवायला गेली की ओली कुठनं आणू? तवर चार डाव येऊन जावा, वाढते की."

आमचे दोन डाव झालेत. शनिवारी तिसरा.