भाषेनुसार विभाग की विषयानुसार अंक? वार्षिकांकाच्या नव्या संपादकासाठी

महाविद्यालय उघडलं की प्राचार्य बोलावतात आणि "यंदा वार्षिकांक तुमच्याकडे" एवढं सांगून मोकळे होतात. मागच्या वर्षीचा अंक चाळला की साचा समोरच असतो: मराठी विभाग, हिंदी विभाग, इंग्रजी विभाग, उर्दू असेल तर शेवटी उर्दू, मग अहवाल आणि फोटो. हाच साचा पुढे चालवायचा की एक विषय धरून सगळ्या भाषा त्याच्याभोवती आणायच्या, हे आधी ठरवा. मी नांदेड जिल्ह्यात दोन्ही करून पाहिलं आहे.

विभागांची पद्धत सोयीची आहे, यात वाद नाही. हिंदीचं हिंदीचे सर बघतात, इंग्रजीचं मॅडम बघतात, पानं वाटून दिलेली असतात, म्हणून कुरबूर होत नाही. प्रुफंही त्या त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासली जातात. हाताशी दोनच माणसं असतील आणि वेळ दीड महिन्याचा असेल, तर बिनधास्त विभागच ठेवा.

पण मुलं आपापल्या विभागापुरतंच वाचतात. हुंड्यावर तीन भाषांत तीन लेख येतात आणि तिन्हींत तेच मुद्दे, कारण एकानं दुसऱ्याचं वाचलेलंच नसतं. त्याहून जास्त मला खुपतं ते वेगळंच. तांड्यावरची गोरमाटी (बंजाऱ्यांची बोली), देगलूर-धर्माबादकडची तेलुगू, उदगीर-उमरग्याकडची कन्नड, घराघरात बोलली जाणारी दखनी (इकडची बोली उर्दू), यांना या साच्यात खणच नाही. तांड्यावरचा मुलगा मग आईची भाषा बाजूला ठेवून पुस्तकी मराठीत 'माझे गाव' लिहितो आणि तो निबंध कुणाच्याही गावाला लागू पडतो.

विषयानुसार अंक काढला की हे बदलतं. आम्ही एका वर्षी 'जमीन' हा विषय घेतला. बी.ए.च्या एका मुलीनं आजोबांच्या पेटीतला निजामकाळचा कागद आणला. उर्दूतला, घरात कुणालाच वाचता न येणारा. उर्दू घेतलेली दुसरी मुलगी तिच्या शेजारी बसली आणि बोट ठेवून वाचायला लागली: मौजे, गावाचं नाव, एक नाव, मग वल्द (म्हणजे 'चा मुलगा'), मग दुसरं नाव. ते दुसरं नाव ऐकताच पहिली म्हणाली, "हे तर आमचे खापरपणजोबा." आम्ही चार पानं दिली: कागदाचा फोटो, उर्दू मजकूर, त्याचं मराठी आणि दोघींनी मिळून लिहिलेलं टिपण. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, म्हणजे निजामाचं राज्य संपेपर्यंत, इथला कारभार कोणत्या भाषेत चालायचा, हे त्या चार पानांत मुलांना जेवढं कळलं तेवढं माझ्या तासाला कधी कळलं नव्हतं. विभागांच्या अंकात या दोघी एकमेकींच्या शेजारी आल्याच नसत्या.

याला कष्ट मात्र दुप्पट पडतात. मराठीतर प्रत्येक लेखाला पाच-सहा ओळींचं मराठी सार लागतं आणि ते लेखकाला वाचून दाखवावं लागतं. गोरमाटी देवनागरीत लिहिता येते, म्हणून छपाईची अडचण नाही; अडचण आपल्या लाल पेनाची आहे. शुद्धलेखन म्हणून मी एकदा अशा लेखातली क्रियापदं मराठी वळणाची केली. छापलेलं पान बघून तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, आमच्यात असं बोलत नाहीत." तेव्हापासून अशा मजकुराचं शेवटचं प्रुफ लिहिणाऱ्याच्याच हातात देतो.

उर्दूचं गणित वेगळं. विभाग ठेवला तर ते सुंदर सुटतं: उर्दू मागच्या मुखपृष्ठापासून सुरू करायची, अंकाला दोन दारं होतात. विषयानुसार अंकात उर्दू लेख समोरासमोरच्या दोन पानांत बसवा, सुरुवात उजव्या पानावर, शेवट डाव्यावर. मजकूर इनपेज या उर्दूच्या सॉफ्टवेअरमध्ये लावून तयार पान पीडीएफ करून घ्या. मजकूर तसाच उचलून मराठीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की जोडलेली अक्षरं सुटी होतात, आणि लिपी न जाणणाऱ्या डीटीपीवाल्याला ते कळतही नाही. मराठीतही मोबाइलवर टाइप केलेलं जुन्या फॉन्टमध्ये नेताना 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो, तेवढं शोधून बघा. पानं 16 च्या फर्म्यात (छापखान्यात एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात) मोजा: 80 पानं म्हणजे पाच फर्मे. त्यावर तीन पानं वाढली तरी निदान अर्धा फर्मा वाढतो आणि खर्चही.

आता छापील की भित्तीपत्रक? यात निवड करूच नका, दोन्ही लागतात. कारण आपल्याकडचं वेळापत्रक. वार्षिकांकासाठी साहित्य मागवण्याची सूचना बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत लागते. तेव्हा बीडकडची, आमच्याकडच्या तांड्यांवरची कितीतरी मुलं आईबापांबरोबर उसाच्या फडात असतात किंवा घरी धाकट्यांना सांभाळत असतात. ऊसतोडीवर लेख येतो तो तोडीला कधी न गेलेल्या मुलाचा. पहिलं भित्तीपत्रक मुक्तिसंग्राम दिनाला (17 सप्टेंबर) लावा, दुसरं दिवाळीच्या सुट्टीआधी, ही मुलं अजून गावात असतानाच. कार्डशीटवर हातानं लिहायचं, त्यामुळे उर्दूलाही फॉन्ट लागत नाही. त्यातलं निवडक छापील अंकात घ्या. नुसता पीडीएफ काढून ग्रुपवर टाकणं स्वस्त पडतं, पण तो मुलाच्या घरी आजीच्या हातात जात नाही. काढायचाच असेल तर लहान पान आणि एकच स्तंभ ठेवा, नाहीतर मोबाइलवर वाचवत नाही.

पहिलंच वर्ष असेल तर विभाग ठेवा, पण मधली 16 पानं, म्हणजे एक अख्खा फर्मा, एका विषयाला द्या: पाणी, जमीन, बालविवाह, स्थलांतर, तुमच्या गावाशी जे जवळचं असेल ते. त्या 16 पानांत घरची कोणतीही भाषा चालेल, अशी सूचना फलकावर जुलैतच लावा. सूचना सगळ्या लिपींत लिहा आणि ती मुलांकडूनच लिहून घ्या.