तुरुंगात निषिद्ध वस्तू: कायद्याचा कोणता साचा घ्यावा?

तुरुंगविषयक कायद्याच्या मसुद्यावर मत द्यायची वेळ आली की पहिली नजर शिक्षेच्या वर्षांवर जाते. त्याआधी एक गोष्ट तपासावी: मुलाखतीला आलेल्या नातेवाइकाच्या खिशातली तंबाखूची पुडी आणि आत पोचवलेलं पिस्तूल, दोन्ही कायद्याने एकाच तागडीत घातली आहेत का?

भारताच्या 1894 च्या कारागृह अधिनियमाने घातली आहेत. कलम 42 नुसार नियमांत निषिद्ध ठरवलेली कोणतीही वस्तू आत नेली वा बाहेर आणली, तर जास्तीत जास्त 6 महिने कैद, 200 रुपये दंड किंवा दोन्ही. जाणूनबुजून डोळेझाक करणारा तुरुंग अधिकारीही त्याच कलमात येतो, ही जमेची बाजू. अमली पदार्थ आणि शस्त्रांसाठी वेगळे कडक कायदे आहेत. पण मोबाइलसारख्या वस्तूपुढे हे कलम तोकडं पडतं. म्हणूनच केंद्राच्या 2023 च्या नमुना कायद्यात मोबाइल बाळगणाऱ्या कैद्याला 3 वर्षांपर्यंत कैद सुचवली आहे.

अमेरिकेचा संघीय कायदा दुसऱ्या टोकाला. हेरॉइनसारख्या पदार्थांना 20 वर्षांपर्यंत, बंदुकीला 10, गांजाला 5, दारू, रोकड आणि फोनला 1 वर्ष, आणि सुरक्षेला धोका ठरेल अशा इतर कुठल्याही वस्तूला 6 महिने. गुन्हेगार कैदीच असेल, तर ही शिक्षा आधीची संपल्यावर सुरू होते. पायऱ्या स्पष्ट आहेत, पण ते शेवटचं ‘इतर कुठलीही वस्तू’ मला खटकतं. काय नेलं तर गुन्हा, हे माणसाला फाटकाबाहेरच कळायला हवं.

इंग्लंड-वेल्सचा साचा मला सर्वांत विचारपूर्वक वाटतो. 1952 च्या कायद्यात 2007 च्या दुरुस्तीने तीन याद्या आल्या. ‘अ’ यादीत अमली पदार्थ, स्फोटकं, शस्त्रं: 10 वर्षांपर्यंत. ‘ब’ यादीत दारू, फोन, कॅमेरे: 2 वर्षांपर्यंत. ‘क’ यादीत नियमांनी ठरवलेल्या, तंबाखूसारख्या साध्या वस्तू: फक्त दंड, कैद नाही. शिवाय ‘ब’ आणि ‘क’ यादीतल्या वस्तूंबाबत, परवानगी आहे असा आपला वाजवी समज होता किंवा सार्वजनिक हित त्या बंदीहून मोठं होतं, असा बचाव आरोपीला घेता येतो. आतला अन्याय बाहेर आणण्यासाठी कॅमेरा नेणाऱ्याला ही वाट मोकळी राहते. पोटच्या पोराला भेटायला आलेली, नियम ठाऊक नसलेली आई साध्या वस्तूपायी कैदेत जात नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

तेव्हा ढाचा तीन याद्यांचा घ्यावा आणि डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यावरची जबाबदारी 1894 च्या कायद्यातून उचलावी. त्याच कायद्याचं कलम 44 ही सोडू नये: कुठली कृत्यं मना आहेत आणि शिक्षा काय, याची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत तुरुंगाबाहेर ठळक जागी लावणं अधीक्षकावर बंधनकारक आहे.