हिरवी कुपी, निकेलची पट्टी आणि एक फसवा सिग्नल

खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवतो. दहावीच्या मुलांना दरवर्षी ओर्स्टेडची होकायंत्राची सुई आणि फॅरेडेची गुंडाळी दाखवून होते. तारेतून वीज वाहिली की चुंबकत्व निर्माण होते आणि गुंडाळीजवळ चुंबक हलवला की तारेत वीज निर्माण होते, एवढे मुलांना पाठ असते. तरीही दोन-तीन वर्षांतून एखादा मुलगा किंवा मुलगी विचारतेच, "सर, तार नको, गुंडाळी नको, नुसत्या एखाद्या खड्याला चुंबक लावला तर वीज येईल का?" काही स्फटिकांत येते, हे मी सांगत असे, पण दाखवण्यासारखे आमच्या प्रयोगशाळेत काही नव्हते. म्हणून गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत बेळगावला गेलो असताना खडे बाजार परिसरातील शालेय साहित्याच्या एका दुकानातून ४,८०० रुपये मोजून मी याच विषयावरचा एक प्रयोगसंच घेतला. सहा महिने वापरल्यानंतर त्याविषयी लिहीत आहे. उत्पादकाचे आणि दुकानाचे नाव देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते अशा प्रकारचा कोणताही संच घेणाऱ्याच्या उपयोगी पडावे.

खोक्यात पुढील साहित्य निघाले : बझरमध्ये असते तशी २७ मिलिमीटर व्यासाची पितळी चकती, जिच्यावर दाबविद्युत (दाबले किंवा वाकवले की व्होल्टेज देणाऱ्या) सिरॅमिकचा पांढरा थर असतो, अशा एकूण सहा. निकेलच्या चार पट्ट्या, तांब्याच्या तारेची एक गुंडाळी, ती चालवण्यासाठी छोटा अ‍ॅम्प्लिफायर, चार निओडिमियम चुंबक, ते बसवायला अ‍ॅक्रिलिकची चौकट, व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारा तळहाताएवढा ऑसिलोस्कोप आणि हिरव्या पुडीची एक काचेची कुपी. सोबत चोवीस पानांची इंग्रजी पुस्तिका आहे. पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना ती चालेल, पण मराठी माध्यमातून आलेल्या दहावीच्या मुलांना ती समजावून सांगण्यातच माझे दोन तास गेले. वस्तूंचा दर्जा मात्र चांगला आहे. गुंडाळी नीट गुंडाळलेली आहे आणि ऑसिलोस्कोप किमतीच्या मानाने पुष्कळच बरा आहे.

आधी हिरव्या कुपीविषयी, कारण माझी पहिली निराशा तीच आहे. तिच्यावर 'मॅग्नेटोइलेक्ट्रिक स्फटिक', म्हणजे चुंबकाने वीज आणि विजेने चुंबकत्व देणारा स्फटिक, असे छापले आहे आणि आत क्रोमियम ऑक्साइडची पूड आहे. पदार्थाची निवड ऐतिहासिकदृष्ट्या अगदी योग्य आहे. स्फटिकाची सममिती अनुकूल असेल तर विद्युतक्षेत्राने त्यात चुंबकत्व निर्माण होऊ शकेल, अशी शक्यता पिएर क्यूरी यांनी १८९४ मध्येच मांडली होती. मात्र नेमका कोणता पदार्थ घ्यावा हे कळायला पुढे साठ-पासष्ट वर्षे जावी लागली. १९५९ मध्ये झ्यालोशिन्स्की या रशियन शास्त्रज्ञांनी सममितीच्या गणितावरून क्रोमियम ऑक्साइडचे नाव सांगितले आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅस्ट्रोव्ह यांनी तो परिणाम प्रत्यक्ष मोजून दाखवला.

या स्फटिकात क्रोमियमचा प्रत्येक अणू एक बारीकसा चुंबक असतो, परंतु निम्म्यांचे तोंड एका दिशेला आणि निम्म्यांचे नेमके उलट असल्यामुळे, दोन्ही बाजूंना तोडीस तोड गडी असलेल्या रस्सीखेचीप्रमाणे, एकूण चुंबकत्व शून्य भरते. विद्युतक्षेत्र लावले की हे अणू आपल्या जागेवरून किंचित सरकतात, दोन्ही गटांची परिस्थिती सारखी राहत नाही, आणि जो फरक उरतो तेच मिळालेले चुंबकत्व होय. मोठा एकसंध स्फटिक असेल, किंवा पदार्थ विद्युत आणि चुंबकीय अशा दोन्ही क्षेत्रांत ठेवून थंड केलेला असेल, तर हा फरक मोजता येतो. सुट्या पुडीत कणाकणाची दिशा वेगळी असल्याने एकाचे दुसऱ्याकडून पुसले जाते. थोडक्यात, कुपीतली पूड रंगासाठी वापरली जाते त्या हिरव्या पुडीहून वेगळे काहीच करून दाखवत नाही, आणि पुस्तिकेतही तिचा एकही प्रयोग नाही. ती नुसती पाहण्यासाठी आहे, असे छापले असते तर माझी तक्रार नव्हती.

शिवाय क्रोमियम ऑक्साइडमधील ही शिस्तबद्ध रचना सुमारे ३४ अंश सेल्सिअसच्या वर टिकत नाही. बेळगावचे हवामान थंड म्हणून आपण मिरवतो, पण एप्रिलच्या दुपारी आमच्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत पारा त्याच्या वर असतो. म्हणजे अस्सल एकसंध स्फटिक आणून ठेवला असता तरी उन्हाळ्याच्या परीक्षेच्या दिवसांत तो दुपारी निरुत्तर झाला असता आणि सकाळच्या शाळेतच त्याने काम केले असते.

संचाचा खरा प्रयोग निकेलच्या पट्टीचा आहे आणि तो मला मनापासून आवडला. एकाच स्फटिकात वीज आणि चुंबकत्व यांची गाठ घालणे कठीण असते. ज्या ऑक्साइडांत स्वयंभू विद्युतध्रुवण असते, म्हणजे धन आणि ऋण भार आपोआपच किंचित वेगळे झालेले असतात, त्यांत, उदाहरणार्थ बेरियम टिटॅनेटमध्ये, मधल्या धातूच्या अणूची डी नावाची इलेक्ट्रॉन-कक्षा बहुधा रिकामी असावी लागते. चुंबकत्वाला मात्र तीच कक्षा अर्धवट भरलेली हवी असते. दोन्ही गुण एकत्र बाळगणारे बिस्मथ फेराइटसारखे पदार्थ आहेत, २००३ मध्ये पदार्थशास्त्रज्ञ राममूर्ती रमेश यांच्या गटाने बिस्मथ फेराइटच्या पातळ थरांवर केलेल्या कामाने या विषयाला नवा जोर आला, आणि आपल्याच राज्यात बेंगळुरूला रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांनीही अशा पदार्थांवर काम केले आहे. शाळेच्या टेबलावर मात्र सोपा मार्ग घ्यावा लागतो : एका पदार्थाला चुंबकत्व कळते, दुसऱ्याला वीज कळते, आणि दोघांना चिकटवून त्यांच्यात ताणाची भाषा चालू करायची.

निकेल चुंबकीय क्षेत्रात आखडते. पूर्ण चुंबकित झाले तरी हे आखडणे मीटरमागे तीस-चाळीस मायक्रोमीटर एवढेच असते, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. परंतु पट्टी ज्या सिरॅमिकला चिकटलेली आहे तो थर त्या ओढीने वाकतो, आणि वाकला की त्याच्या दोन पृष्ठांवर व्होल्टेज येते. लोखंडाची लांबी चुंबकत्वाने बदलते हे जूल यांनी १८४२ मध्ये पाहिले होते, आणि दाबाने स्फटिकावर विद्युतभार येतो हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. हा प्रयोग म्हणजे त्या दोन शोधांची एकमेकांना चिकटवलेली जोडी आहे.

आता फसव्या सिग्नलाकडे येतो. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आम्ही पट्टी चिकटवली, चकती गुंडाळीत ठेवली, एक किलोहर्ट्झचा प्रवाह सोडला आणि पडद्यावर सहा मिलिव्होल्टची सुंदर लाट उमटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तिकेत "तीन ते दहा मिलिव्होल्ट मिळाले की प्रयोग यशस्वी" असे लिहिले आहे आणि तिथेच प्रयोग संपतो. माझ्या मनात मात्र शंका राहिली, कारण चकतीपासून ऑसिलोस्कोपपर्यंत जाणाऱ्या दोन वायरींच्या मध्ये चांगली बोटभर फट होती, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रातली अशी फट म्हणजे फॅरेडेच्या गुंडाळीचा एक वेढाच असतो.

शंका तपासायला काही खर्च आला नाही. आम्ही चौकटीत बसवलेले स्थिर निओडिमियम चुंबक काढून घेतले, तरी लाट तेवढीच राहिली. वारंवारता दुप्पट केली, तर लाटही दुप्पट झाली. हे दोन्ही वर्तन तारेतल्या प्रवर्तनाचे, म्हणजे बदलत्या क्षेत्राने तारेत वीज निर्माण होण्याचे आहे, कारण तिथे क्षेत्र किती वेगाने बदलते एवढ्यालाच महत्त्व असते. निकेल-सिरॅमिकच्या जोडीचे वागणे वेगळे असायला हवे होते. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो आवाज आठवावा. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असली तरी गुणगुण १०० हर्ट्झची असते, कारण गाभ्याला क्षेत्र कोणत्या दिशेने आले याच्याशी देणेघेणे नसते, तो दोन्ही वेळा सारखाच ताणला जातो. निकेलचेही तसेच आहे. स्थिर चुंबक जवळ नसेल तर ते एका आवर्तनात दोनदा आखडते आणि मूळ वारंवारतेचा सिग्नल जवळपास नाहीसा होतो. आमचा सहा मिलिव्होल्टचा आनंद म्हणजे दहावीच्या पाठातला जुनाच फॅरेडे होता, स्फटिकाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

वायरी एकमेकींभोवती पिळून घेतल्यावर लाट एक मिलिव्होल्टच्या खाली आली, आणि मग चौकटीचा दोष उघडा पडला. अ‍ॅक्रिलिकच्या चौकटीत चुंबकांच्या खाचा पट्टीच्या वर आणि खाली आहेत. पातळ पट्टी तिच्या जाडीच्या दिशेने चुंबकित करणे फार अवघड असते, क्षेत्र तिच्या लांबीच्या दिशेने मिळाले पाहिजे. गावातल्या सुताराने सागाच्या तुकड्यांची एक साधी चौकट करून दिली, तिच्यात चुंबक पट्टीच्या दोन्ही टोकांना बसवले, आणि पहिल्यांदाच खरा सिग्नल दिसला. चुंबक दुरून जवळ आणत गेलो तसा तो वाढत चार मिलिव्होल्टवर गेला, आणि आणखी जवळ आणल्यावर पुन्हा उतरू लागला, कारण निकेल पुरते चुंबकित झाले की त्याला आखडायला जागा उरत नाही. तारेतल्या प्रवर्तनात असा चढ-उतार येऊच शकत नाही.

शेवटची खात्री करायला बेळगावच्या एका पीयू कॉलेजातल्या प्राध्यापक मित्राकडून दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप आठवडाभर मागून आणला. एका चॅनलवर गुंडाळीतला प्रवाह, दुसऱ्यावर चकतीचे व्होल्टेज. स्थिर चुंबकांची टोके उलटी केली की दुसरी लाट जागच्या जागी उलटी झाली, जिथे शिखर होते तिथे दरी आली. नववीतल्या एका मुलीने ते पाहून विचारले, "म्हणजे सर, चुंबक फिरवला की निकेलला आखडायच्या जागी सुटायला सांगितल्यासारखं होतं का?" याहून नेमके स्पष्टीकरण चोवीस पानांच्या पुस्तिकेत नाही.

वारंवारता हळूहळू वाढवत नेली तेव्हा चार किलोहर्ट्झच्या आसपास सिग्नल एकदम कित्येक पटींनी वाढला. चकतीचा तो स्वतःचा नाद आहे, झोका योग्य वेळी ढकलावा तसा. अशा अनुनादाचाच उपयोग करून अत्यंत क्षीण चुंबकीय क्षेत्रे ओळखणारे संवेदक बनवण्याचे काम जगभर चालू आहे. पुस्तिका या मुद्द्याला दोन ओळी देते आणि "विजेशिवाय चालणारी संगणक-स्मृती" या विषयाला दोन पाने. अशा स्मृतीला वीज कमी लागावी हा संशोधनाचा हेतू आहे. ती विजेशिवाय चालते हे विधान चुकीचे आहे.

दुकानाविषयी तक्रार नाही. चारपैकी दोन पट्ट्या मिठाच्या पाण्यात ठेवल्यावर चार दिवसांत काठावर गंजल्या, म्हणजे त्या निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या होत्या. पोलादाचे आखडणे-ताणणे निकेलपेक्षा क्षीण आणि वेगळ्या वळणाचे असल्यामुळे त्यांवर प्रयोग नीट होत नाही. मी त्या परत नेल्या आणि दुकानदाराने वाद न घालता बदलून दिल्या. शुद्ध निकेलच्या पट्ट्या बॅटरी पॅक बांधणाऱ्यांकडेही मिळतात, मात्र तिथेही मिठाच्या पाण्याची परीक्षा घ्यावी.

४,८०० रुपयांपैकी चकत्या, पट्ट्या, गुंडाळी आणि ऑसिलोस्कोप एवढ्याचे मोल मला पूर्ण मिळाले, कुपी आणि चौकट यांचे मिळाले नाही. ज्या शाळेत आधीपासून ऑसिलोस्कोप आहे तिने संच न घेता सुटे भाग जमवावेत, ते बरेच स्वस्त पडते. ज्यांच्याकडे नाही त्यांनी संच जरूर घ्यावा, पण घेताना चौकटीत चुंबक पट्टीच्या टोकांशी बसतात का ते दुकानातच पाहावे. आणि पट्टी चिकटवायला खोक्यातला झटपट चिकटणारा डिंक वापरू नये. तो ठिसूळ असतो आणि आमच्या दोन चकत्यांवरची पट्टी आठवड्याभरात सुटून आली. दोन नळ्यांतून मिसळायचा इपॉक्सी पातळ लावून, वर वजन ठेवून, पूर्ण एक दिवस वाळू द्यावा. तशी चिकटवलेली चकती अजून चालू आहे.