शेततळं की विहीर पुनर्भरण? दोन्ही करून पाहिल्यावर

माझ्या मेहुण्याकडे यंदा एकाच कामापुरते पैसे आहेत. शेततळं खोदायचं की विहिरीचं पुनर्भरण करायचं, म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी गाळून विहिरीत सोडायचं, एवढं त्याला ठरवायचंय. मी दोन्ही कामं केलीत, दोन वेगळ्या रानांत, म्हणून त्यानं मला विचारलं. फोनवर तुटक बोलणं झालं, ते इथे सलग लिहितो. आमचं रान जालना जिल्ह्यात आहे. वर मध्यम ते भारी काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. तुमच्याकडे जमीन वेगळी असेल तर माझ्या सांगण्यातलं तेवढं वजा करून वाचा.

पाऊस आता पडतो तेव्हा झोडपून पडतो आणि मग तीन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात एवढा कोरडा ऑगस्ट झालेला नाही, आणि तोही सोयाबीन फुलात असताना, शेंगा धरायच्या वेळी. दोन्ही कामं या एकाच दुखण्यावरची आहेत. धो-धो पडलेलं पाणी खंड पडेपर्यंत धरून ठेवायचं. शेततळं ते जमिनीच्या वर धरतं, पुनर्भरण जमिनीच्या पोटात.

तळं मी २०१७ च्या उन्हाळ्यात केलं, मोसंबीच्या रानात. ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ पासून सुरू होती आणि तेव्हा अनुदान जास्तीत जास्त ५० हजार. पाणी मुरू नये म्हणून आत अंथरायच्या प्लॅस्टिकच्या पन्नीचा खर्च वेगळा, आणि पन्नीच खोदाईपेक्षा जड गेली. या मापाच्या तळ्यात, बाजूंचा उतार धरून, २० ते २२ लाख लिटर पाणी मावतं. एका हेक्टरला ५० मिलिमीटरचं एक पाणी द्यायला ५ लाख लिटर लागतं, म्हणजे भरलेलं तळं चार हेक्टरला एक संरक्षित पाणी, म्हणजे पीक वाळू नये म्हणून अडीनडीचं एक पाणी, देऊ शकतं. ही ताकद मोठी आहे, ती मी नाकारत नाही. शिवाय पाणी डोळ्यांना दिसतं. सकाळी बांधावर उभं राहिलं की किती उरलंय, कितीला पुरेल, हे कळतं. विहिरीत ते कधीच इतकं स्वच्छ कळत नाही.

बारीकसारीक त्रास सगळ्यांना ठाऊक आहेत. बांधासकट १२ ते १५ गुंठे जातात. उंदीर-खेकडे पन्नी कुरतडतात. कुंपण नसेल तर जनावर आत घसरतं आणि त्या गुळगुळीत उतारावरून त्याला वर येता येत नाही. कुंपण आणि आत सोडलेला गाठीचा दोर, या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका, पोरंबाळं रानात येतात.

माझं मन मात्र वेगळ्याच गोष्टीनं फिरलं.

तळं खोदणाऱ्यानं निघालेली माती चारी बाजूंनी रचून बांध उंच केला. साठा वाढतो, असं त्यानं सांगितलं आणि मला ते पटलं. पावसाचं पाणी आत यायला तोंडच ठेवलं नाही. ओघळ तळ्याला वळसा घालून जायचा आणि आत पडायचं ते फक्त वरून, थेंबाथेंबानं. मग तळं भरायचं कशानं? विहिरीच्या मोटारीनं. त्या वर्षी नोव्हेंबरपासून रात्रीच्या लाइटवर मी विहीर उपसून तळ्यात टाकत राहिलो. सगळे तेच करत होते आणि मला त्यात काही खटकलं नाही. खालच्या अंगाला ज्यांची विहीर आहे ते आमचे चुलते एक दिवस बांधावर आले आणि एवढंच म्हणाले, “बापू, रात्रीची मोटार अजून किती दिवस चालायचीय?” त्यांच्या विहिरीला दर वर्षी संक्रांतीनंतरही पाणी असायचं. त्या वर्षी नव्हतं.

आणि ते उपसलेलं पाणी तरी राहिलं का? मार्चपासून काळ्या पन्नीवर पांढऱ्या रेघा दिसू लागल्या. पाणी खाली सरकलं की क्षाराची एक रेघ मागे राहते. एकीखाली एक, वहीच्या पानासारख्या. बागेला पाणी द्यायच्या दिवसांत रेघांमधलं अंतर मोठं. पण ज्या आठवड्यात मी वीतभर पाणीसुद्धा काढलं नाही त्या आठवड्यातही नवी रेघ उमटलेली असायची, चार बोटं खाली. हिशोब साधा आहे. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. कडक उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर उडालं तरी ९०० चौरस मीटरच्या भरल्या तळ्यातून रोज सात हजार लिटर जातं. पातळी उतरली की पसारा आकसतो आणि आकडाही कमी होतो, हे खरं. तरीही जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी मी वीज जाळून वर काढलं होतं आणि उन्हात पसरून ठेवलं होतं. हे ध्यानात आल्यापासून त्या रेघांकडे मला बघवेना.

पुढचं वर्ष २०१८, मराठवाड्यात दुष्काळाचं. ऑक्टोबरातच घाईनं तळं भरून घेतलं. विहीर एरवी मार्चपर्यंत टिकायची, ती जानेवारीत तळाला गेली. हरभरा वाळला, गुरांच्या पाण्याला गावच्या टँकरची वाट बघायची वेळ आली. बाग मात्र जगली. एप्रिलअखेर तळ्यातल्या पाण्यानं आणि मे महिन्यात दोन विकतच्या टँकरनं ती तगली. तळं नसतं तर झाडं गेली असती, हे मला लिहिलंच पाहिजे. फळबाग हेच ज्याचं घर चालवतं त्यानं माझा कल बघून तळं रद्द करू नये.

पुनर्भरणाचं काम २०२० मध्ये, दुसऱ्या रानात. तिथली विहीर सात परस खोल (परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची), आणि पावसाळ्यात ओघळ तिच्यापासून वीस पावलांवरून वाहून जायचा. ओघळाचं पाणी चर काढून आधी एका लहान खड्ड्यात घेतलं, गाळ तिथे बसतो. तिथून ते मोठ्या खड्ड्यात येतं. त्यात तळाशी मोठे दगड, वर गोटे, मग खडी, सगळ्यात वर जाड वाळू. खालून सहा इंची पाइप थेट विहिरीत. तळ्याच्या मानानं खर्च किरकोळ, आणि जमीन गेली ती एका गुंठ्याच्याही आत.

यातली कटकट गाळाची. दर उन्हाळ्यात वरची वाळू काढून धुवावी लागते, नाहीतर दुसऱ्या वर्षी पाणी खड्ड्यावरून ओसंडून पुन्हा ओघळालाच मिळतं. पहिला-दुसरा पाऊस आत घ्यायचा नाही, कारण रानातलं तणनाशक आणि खत त्यातूनच वाहतं. आम्ही चराच्या तोंडाशी मातीची पोती ठेवतो आणि दोन मोठे पाऊस झाले की काढतो. गाळण न करता ओघळ थेट विहिरीत सोडणारेही पाहिलेत. त्यांच्या विहिरीत दोन वर्षांत कमरेएवढा गाळ साचला आणि झरे बुजले. असं करण्यापेक्षा काही न केलेलं बरं.

याहून मोठी उणीव अशी की जिरवलेलं पाणी तुमच्या सातबाऱ्यावर राहत नाही. आपला पाषाण पाणी धरतो तो भेगांत आणि वरच्या मुरमात, तेही थोडंच. लवकर भरतो, लवकर ओसरतो. शेजारी पाचशे फुटांची बोअर घेतली असेल तर तुम्ही जिरवलेल्यातलं काही तिकडेही जाणार. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायचीच नाही असं ठरवलं आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, म्हणून तिथे जिरवलेलं पाणी गावाच्या कामी आलं. असं गाव सगळ्यांना मिळत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या कडवंचीत शेततळ्यांवर द्राक्षं उभी आहेत, पण तिथे पाणलोटाची, म्हणजे उतारावरचं पाणी अडवून जिरवायची, कामं आधी झाली आणि तळी नंतर आली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

मोजमाप माझ्याकडे नाही, अनुभव तेवढा सांगतो. २०२३ च्या जुलैत आमच्याकडे बरा पाऊस झाला आणि पुनर्भरणाच्या विहिरीला चार परस पाणी चढलं. ऑगस्टच्या खंडात त्यावर सोयाबीनला तुषार सिंचनानं दोन पाणी दिलं. त्याच ऑगस्टात तळ्यात गुडघाभर पाणी होतं. जे तळं अशाच खंडासाठी असतं ते नेमकं खंडात रिकामं होतं, कारण मी ते हिवाळ्यात भरून उन्हाळ्यात वापरायची टाकी करून टाकलं होतं. चुलत्यांची विहीर त्या रानाच्याही खालच्याच अंगाला येते. तिला यंदा माघापर्यंत पाणी होतं. पुनर्भरणामुळेच, असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण मला तसं वाटतं.

म्हणून मेहुण्याला माझा सल्ला असा. विहिरीजवळून ओघळ जात असेल, खाली मुरूम असेल आणि पिकं हंगामी असतील तर पैसे आधी पुनर्भरणात घाल. ओघळच नसेल, विहीर अखंड कातळात असेल किंवा बाग उभी असेल तर तळं घे, पण ओघळाचं पाणी आत घेणारं तोंड आणि जादा पाणी जायला सांडवा ठेवूनच. सरकारच्या पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पात दोन्ही कामांना मदत मिळत आलीय, तेव्हा कृषी सहायकाला आधी विचार, काम नंतर सुरू कर. पूर्वसंमतीशिवाय खोदलेल्या खड्ड्याचं अनुदान मागत फिरण्यात एका ओळखीच्याचं वर्ष गेलं.

माझ्या तळ्याचा वरचा बांध मी गेल्या उन्हाळ्यात जेसीबीनं फोडला. आता ओघळ गाळखड्ड्यातून तळ्यात येतो आणि तळ्याकडे जाणारा मोटारीचा पाइप मी काढून पुनर्भरणाच्या चराला लावलाय. मेहुण्याला म्हटलं, या पावसाळ्यात ये, जोराचा पाऊस उघडला की अर्ध्या तासात दोन्ही रानं फिरू, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते तू स्वतः बघ. पोकलेनवाल्याला इसार त्यानंतर दे.