जेन डो की ऑपोझिट ऑफ डिसेंबर: आधी कुठला ऐकायचा?

मावसभाऊ विचारत होता, की दादा कन्व्हर्ज बँडचा जेन डो हा अल्बम आधी ऐकू की पॉइझन द वेल बँडचा द ऑपोझिट ऑफ डिसेंबर, दोन्हीचं नाव सगळेच घेतात. इंदुरात असलं ऐकणारी आपली मराठी पोरं आता भेटायला लागलीयेत म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो. माझं मत पक्कं आहे, आधी ऑपोझिट, पण आयुष्यभर एकच जवळ ठेवायचा असेल तर जेन डो.

ऑपोझिट डिसेंबर १९९९ चा, बँड फ्लोरिडाचा, आणि सगळा मिळून जेमतेम अर्धा तास, म्हणजे राजेंद्रनगरहून विजयनगरला सिटी बसने जाता जाता आरामात होतो. गिटार पक्की मेटलची, बोजड आणि तुटक तुटक, पण गायक जेफ्री मोरेरा जीव तोडून ओरडता ओरडता मधेच आवाज खाली आणतो आणि साधं सरळ गायला लागतो, तेव्हा नवीन माणसाला धरायला काहीतरी मिळतं. नर्डी हे गाणं ऐका, त्यात हे सगळं आहे. आज ऐकताना थोडं ओळखीचं वाटेल कारण पुढे कितीतरी मेटलकोर (मेटल आणि हार्डकोर पंक यांचं मिश्रण) बँड ह्याच वाटेने गेले, पण इथे तो ओरडण्यातून गाण्यात येतो ते ठरवून केल्यासारखं वाटत नाही, ओरडून दमलाय म्हणून गातोय असं वाटतं, आणि मला तेच आवडतं. रेकॉर्डिंग जरा पातळ आहे, ते मान्य.

जेन डो असा हात धरत नाही भिया. सप्टेंबर २००१, बारा गाणी, पंचेचाळीस मिनिटं. सगळा अल्बम गायक जेकब बॅननच्या तुटलेल्या नात्यावर आहे पण ते त्याच्या ओरडण्यातून कळणारच नाही, शब्द जवळजवळ ऐकूच येत नाहीत, नुसती वेदना येते अंगावर. पहिलं गाणं कॉन्क्यूबाइन सव्वा मिनिटातच संपतं, आणि तेवढ्यात बेन कोलरचे ड्रम इतके चहूकडून येतात की पहिल्यांदा ताल कुठे पकडायचा तेच समजत नाही. फिनिक्स इन फ्लेम्समधे तर गिटारच नाही, नुसते ड्रम आणि किंचाळणं, पाऊण मिनिट. रेकॉर्डिंगमधे गिटारवाल्या कर्ट बलूचा स्वतःचा हात आहे, आणि आवाज मुद्दाम खरबरीत ठेवलाय, गुळगुळीत काही नाही. द ब्रोकन वाव शेवटी एकाच ओळीवर येऊन थांबतं आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा, तिथे माझ्या अंगावर आजही काटा येतो.

आणि शेवटचं टायटल गाणं, साडेअकरा मिनिटांचं. ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या ह्या गावातल्या कानांना अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लय, समजावून सांगायला नको, तसंच इथे घाई न करता एकेक थर चढवत नेलंय, फक्त शांतीकडे नाही तर उलट्या दिशेला. ह्या एका गाण्यासाठी मी जेन डोला वर ठेवतो. ऑपोझिटमधे इतकं लांब जाणारं काही नाही, तिथे गाणं दुखतं आणि संपतं.

तर ज्याने आतापर्यंत लिंकिन पार्क वगैरेच ऐकलंय, ज्याला सूर लागतो, त्याने सरळ ऑपोझिट लावावा. ज्याला मेटलची सवय आहे त्याने थेट जेन डो घ्या, पण बसमधे नको, रात्री हेडफोन लावून, गाण्याचे शब्द समोर उघडून, कारण वाचत ऐकलं की तीच गाणी वेगळी लागतात. ब्रेकअप ताजा असेल तर मात्र थोडे दिवस ऑपोझिटवरच राहा, जेन डो त्या वेळी फार खोल नेतो.

कॉन्क्यूबाइनलाच घाबरून बंद करू नका. नाहीच झेपलं तर चौथ्या गाण्यावर जा, हेल टू पे, ते संथ आहे, बास गिटारवर चालतं, कानाला जरा दम मिळतो, आणि तिथून पुढे सलग शेवटपर्यंत ऐका.